ढील

डंभारे मॅडमनी पहिल्या दिवशी पट्टा काढून घेतला
आणि माझ्या हातात दिला सुताचा एक पदर,
सरकीच्या गळ्यातल्या साखळीला बांधून.
म्हणाल्या, तुटला तर चूक तुमची. कुत्रीची नाही.

मी बावीस वर्षांचा जुना व्रणोपचारक.
सावंगीच्या गुरांच्या दवाखान्यात
माझं काम धरून ठेवायचं:
नाकपुड्यांत बोटं घालून गोऱ्ह्याची मान वळवायची,
म्हशीला दाव्यानं खोड्यात ओढायचं,
सुई टोचून होईपर्यंत हलू द्यायचं नाही.
माझ्या तळहाताला दोनच गोष्टी कळतात,
ताण, आणि सुटलं रे सुटलं.

पहाटे साडेपाच. पांदण.
दोन्हीकडं तूर, शेंगांवर दव,
पलीकडं तिसऱ्या वेच्याची पऱ्हाटी.
सरकी कारवानी, उंच, पोट पाठीला गेलेलं,
रंग मळकट पांढरा,
रेच्यातून निघूनही सरकीला
कापूस चिकटून राहतो ना, तसा.
मी चाललो. धागा तुटला.
गाठ मारली. चाललो. तुटला.
पहिल्या सकाळी एकोणीस गाठी.
उकंडराव डबा घेऊन परतताना थबकला:
काय करून रायले बाप्पा,
लगन लावता का कुत्रीचं?

मॅडम सांगायच्या,
पट्टा ताणला की पुढचे पाय उचलले जातात,
खांदा लपतो.
जजला तुमचा हात नाही बघायचा.
डावा पुढचा, उजवा मागचा,
मग उजवा पुढचा, डावा मागचा,
खाटेच्या सुतळीसारखी तिरपी वीण पडली पाहिजे.
मी हळू चाललो की ती एका अंगाचे दोन्ही पाय
एकदम टाकायची, उंटासारखी डुलत.
मी पळालो की उधळायची.
मधे कुठंतरी एक वेग होता
जो माझा नव्हता, तिचाही नव्हता.
तो सापडेपर्यंत माघ उजाडला.

खिशात उकडलेल्या अंड्याचे तुकडे.
ती ओढू लागली की मी थांबायचो,
बाभळीसारखा, जागच्या जागी.
ती मान वळवून बघायची, काऊन थांबला हा?
एक पाऊल मागं यायची.
धाग्याला झोल पडायचा. मग अंडं. मग पुढं.
एका सकाळी नाल्याच्या रपट्यापासून
उकंडरावच्या धुऱ्यापर्यंत
एकही गाठ पडली नाही.
मला ते घरी आल्यावर कळलं.
चालताना मी पोरीच्या फीचा हिशेब करत होतो.

वर्ध्याच्या प्रदर्शनात भोंग्यावर बियाण्याची जाहिरात,
मंडपामागं कुणाचा तरी पामेरियन
एका दमात भुंकत.
आता धागा नाही, खरा पट्टा, काळा, पातळ,
आणि माझा हात घामानं ओला.
पहिल्याच वळणावर
बावीस वर्षं मनगटात उतरली.
मी ओढलं.

सरकी थांबली.
बाभळीसारखी, जागच्या जागी,
जजसमोर, एवढ्या लोकांसमोर,
मान वळवून माझ्याकडं बघत,
मी ढील देईपर्यंत.

लोक हसले. मग आम्ही फिरलो.
तिसरा नंबर. स्टीलचा डबा.
मॅडम काही बोलल्या नाहीत,
झाकण दोनदा लावून बघितलं फक्त.
परतीच्या टेम्पोत ती माझ्या चपलेवर
हनुवटी टेकून झोपली.

सोमवारी तानबा कुमरेंची गाय
खोड्यापुढं येऊन रुतली.
मी सवयीनं दावं आवळलं,
आणि सोडलं.
दावं मातीला टेकलं. मी उभा, गाय उभी.
तानबांनी बिडी पेटवली, ओढली, विझवली.
ओढा ना साहेब, मले वावरात जाचं हाय.
गाईनं कान हलवला,
सावकाश शेण टाकलं.
आणखी थोडा वेळ
आम्ही तसेच.